कोरीटच्या शिवारात कॅमेरा घेऊन

प्रवासवर्णन म्हटले म्हणजे त्यात हिमालय असावा, निदान एखादा धबधबा तरी असावा, अशी वाचकांची अपेक्षा असते. आणि ती गैर आहे असेही नाही. परंतु प्रस्तुत लेखात यांपैकी काही सापडावयाचे नाही, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. ज्या गावाविषयी मी लिहिणार आहे त्याचे नाव कोरीट. नंदुरबार तालुक्यातील, तापीच्या खोऱ्यातले हे शेतकऱ्यांचे गाव. नंदुरबार शहरात ‘कोरीट नाका’ म्हणून एक नाका असल्यामुळे शहरातील माणसाच्या तोंडी हे नाव दिवसातून चार वेळा येते; पण नाका ओलांडून केवळ गाव पाहावयास म्हणून गेलेला मनुष्य मला अद्याप भेटावयाचा आहे. मी मात्र गेली सहा वर्षे, सुटीचा दिवस आहे आणि अंगात ताप नाही असा योग आला की, पहाटे तिकडेच निघतो. बरोबर कॅमेरा, एक लांब भिंग, तिपाई, पाण्याची बाटली आणि सौ.ने बांधून दिलेल्या दशम्या.

नोकरीत माझी बदली नंदुरबारास झाली, तेव्हा मी थोडा खट्टूच होतो. छायाचित्रणाचा नाद जुना. पण त्याला ताडोबा पाहिजे, भरतपूर पाहिजे, गेला बाजार सह्याद्रीचा एखादा घाट तरी पाहिजे, अशी माझी समजूत. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा निघालेला हा जिल्हा सातपुड्याच्या रानासाठी आणि तेथील आदिवासींच्या होळीसाठी प्रसिद्ध असला, तरी शहराभोवतीचा मुलूख सपाट, काळ्या मातीचा; कापूस, मिरची आणि पपई यांनी व्यापलेला. हवा स्वच्छ असली तर उत्तरेस सातपुड्याची निळी रेघ दिसते, एवढेच काय ते डोंगराचे दर्शन. अशा ठिकाणी टिपावे तरी काय? हा प्रश्न मी ज्यांच्याजवळ बोलून दाखविला, ते कोरीटचे एक वृद्ध शेतकरी. पीककर्जाच्या कागदांवर सही करण्यासाठी ते आमच्या कचेरीत आले होते. सारे गाव त्यांना नाना म्हणते, म्हणून मीही तेच म्हणतो.

“साहेब, एकदा विहिरीवर येऊन बसा तर खरे,” एवढेच ते म्हणाले.

नानांच्या त्या विहिरीपाशी एक जुना निंब आहे. बांधावर तीन बाभळी आहेत. पलीकडे पावसाळ्यात वाहणारा आणि होळीपर्यंत आटून जाणारा एक नाला आहे, आणि नाल्याच्या कडेस दोन-तीन गुंठ्यांचा खडकाळ, पेरणीस निरुपयोगी असा तुकडा आहे. माझे अरण्य ते एवढेच. पहिल्या वर्षी मला ते अर्ध्या तासात पाहून संपल्यासारखे वाटले. सहा वर्षांनंतर ते संपत नाही, ही माझी तक्रार आहे.

नवशिक्या छायाचित्रकारास नेहमी नवी जागा हवी असते. आज या तलावावर, उद्या त्या अभयारण्यात, असे त्याचे चालते. आणि त्याच्या संग्रहात दोनशे जातींचे पक्षी असले तरी एकाचाही शेजार त्याला घडलेला नसतो. मीही त्याच जातीचा होतो. कोरीटला मी आलो तो नाइलाजाने, आणि नाइलाजानेच एका जागी बसावयास शिकलो.

येथले वर्ष मृगापासून सुरू होते. पंचांगातले वर्ष चैत्रात लागते, सरकारचे एप्रिलात. पण ज्याच्या डोळ्यांपुढे काळी जमीन आहे त्याचे वर्ष पहिल्या पावसाचेच. त्या पावसानंतर एक-दोन दिवसांत मातीवर मखमलीचे तांबडे थेंब चालू लागतात. हे मृगाचे किडे. लहानपणी आपण सर्वांनीच ते काडेपेटीत ठेवलेले असतील. त्यांचे चित्र घ्यावयाचे तर पोटावर आडवे पडावे लागते, कारण उभ्याने घेतलेल्या चित्रात किडा तांबड्या ठिपक्यापलीकडे जात नाही. पहिल्या वर्षी मी त्या चिखलात तासभर लोळलो. काळी माती ओली झाली म्हणजे ती माणसाला धरते, आणि सुटते ती चपलेचा तळ घेऊनच. घरी गेल्यावर कपड्यांवरून जो संवाद झाला तो येथे देत नाही. पण चित्र पाहिल्यावर सौ. थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “याला डोळे आहेत हो!” आठ पाय तर आपण मोजतो, पण डोळे पाहावयास खालीच उतरावे लागते.

आषाढात बाभळीवर सुगरणींची वसाहत बसते. घरटे बांधतो तो नर. नाव मात्र सुगरणीचे. विहिरीच्या पाण्यावर झुकलेली फांदी त्याला विशेष पसंत, कारण सापाला आणि पोरांना तेथे पोचणे अवघड जाते. गवताच्या ओल्या पात्या चिरून त्यांचे दोर तो असे गुंफतो की, आपण चार दिवस पाहत राहिलो तरी गाठ कोठे पडली ते कळू नये. घरटे निम्मे झाले की मादी पाहणीस येते. आत जाते, चोचीने दोन-चार दोर ओढून पाहते आणि पुष्कळदा काही न बोलता उडून जाते. असे नाकारलेले घरटे नर अर्धवट सोडून देतो व शेजारी दुसरे आरंभितो. ओल्या मातीच्या गोळ्याही तो आत नेऊन लिंपतो. त्याची कारणे पक्षितज्ज्ञ निरनिराळी देतात. वाऱ्यात घरटे हलके पडू नये म्हणून, हे त्यांतले एक. एका पावसाळ्यात एकाच बाभळीची मी सुमारे नऊशे चित्रे घेतली, त्यांतली कामाची अकरा. उरलेल्यांत पक्षी एक तर चौकटीबाहेर गेलेला, नाही तर पावसाची सर मध्ये आलेली. भिंगाच्या आत त्याच वर्षी बुरशी धरली. तेव्हापासून पावसाळ्यात कॅमेरा पत्र्याच्या घट्ट डब्यात, ओल शोषून घेणाऱ्या खड्यांच्या पुड्यांसह झोपतो.

ज्यांना हा नाद आहे त्यांच्यासाठी येथेच एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. नांगरट किंवा वखरणी चालू असली की गायबगळे मागोमाग येतात. पूर्वी बैलांमागे येत, आता ट्रॅक्टरमागे येतात, त्यांची काही हरकत दिसत नाही. काळ्या मातीवर पांढरा बगळा म्हणजे छायाचित्रकाराला मेजवानीच वाटावयाची. पण या मेजवानीत कॅमेरा हटकून फसतो. चौकटीत काळे पुष्कळ दिसले की त्याला वाटते प्रकाश कमी आहे; मग तो चित्र उजळवितो, आणि बगळ्याच्या जागी धुतलेल्या धोतराचा तुकडा उरतो. पीस नाही, छाया नाही, काही नाही. अशा वेळी यंत्राचे ऐकू नये. प्रकाश हाताने दीडपट-दुपटीने उतरवावा. माती आणखी काळी पडते, पण बगळ्याच्या मानेवरचा विणीच्या दिवसांतला केशरी रंग जागेवर राहतो. हे शिकावयास मला दोन पावसाळे लागले.

शरद आणि हेमंत हे ऋतू इकडे फोटोवाल्यांचे लाडके. धुळीचा पत्ता नसतो, प्रकाश तिरपा आणि मऊ असतो, आणि पाहुणे आलेले असतात. दसऱ्याच्या सुमारास तारेवर नीलपंख दिसू लागतो. बसलेला असताना मळकट वाटणारा हा पक्षी उडाला की त्याचे पंख एकदम निळे होतात. त्या एका क्षणासाठी मी पुष्कळ सकाळी घालविल्या आहेत. तापीच्या पात्रावर चक्रवाकांच्या जोड्या उतरतात. संस्कृत काव्यांनी त्यांना रात्री विरहात ठेवले असले, तरी प्रत्यक्षात ती जोडी रात्रीही खुशाल एकत्र असते. ज्वारी निसवली म्हणजे भोरड्यांचे थवे येतात. शेतकऱ्याला तो शत्रू, आम्हाला पर्वणी. त्यामुळे नाना गोफण फिरवीत असता मी शेजारी कॅमेरा रोखून बसलो तर कोणाची बाजू घेतो आहे, असा पेच पडतो. याच दिवसांत नंदुरबारच्या आसपास मिरची वाळत घातलेली असते. एकरच्या एकर जमीन लाल होऊन जाते, आणि त्या लालीच्या कडेकडेने शेपटी हलवीत फिरणारा राखी-पांढरा धोबी पक्षी पाहिला की, रंगसंगती कोणी मुद्दाम जुळविली असावी असे वाटते. मिरचीच्या खकाण्याने छायाचित्रकार शिंकतो, हात हलतो, आणि चित्र जाते, हा भाग निराळा.

पण हिवाळ्याची खरी हकीकत पिंगळ्याची आहे, आणि तीत माझी थोडी फजितीही आहे.

नंदुरबारचे नाव पक्षिशास्त्राच्या इतिहासात एका लहानशा घुबडामुळे कायमचे लिहिले गेले आहे. रानपिंगळा हे त्याचे नाव. आजच्या छत्तीसगडातील बसना-फुलझर भागात ब्लुइट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यास १८७२ मध्ये तो प्रथम मिळाला, आणि पुढल्याच वर्षी ह्यूमसाहेबांनी (राष्ट्रसभेच्या स्थापनेत ज्यांचा हात होता तेच हे ह्यूम) त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध करून त्याला ब्लुइटचे नाव दिले. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने खानदेशात, शहादे-तळोद्याच्या भागात, काही नमुने जमविले. १८८४ नंतर मात्र पक्षी नाहीसा झाला. जगातील संग्रहालयांत त्याची अवघी सात कातडी, पेंढा भरलेली, उरली. जिवंत पक्ष्याचे चित्र कोणाजवळही नव्हते.

येथवरचे ठीक. पुढे मौज अशी झाली की, त्या सात कातड्यांपैकी एकाने खोटी साक्ष दिली. रिचर्ड माइनर्ट्झहागेन हे इंग्रज लष्करातील नामांकित अधिकारी आणि पक्षिसंग्राहक. त्यांच्या संग्रहातील रानपिंगळ्याच्या पायाला जी चिठ्ठी होती तीवर १९१४ हे साल आणि तापीकाठचे मांडवी (गुजरात) हे ठिकाण होते. म्हणजे पक्षी विसाव्या शतकातही जिवंत होता, आणि तो तापीच्या खालच्या अंगास सापडला होता, असा समज पुढे चालत आला. अमेरिकेतील पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांना या चिठ्ठीचा संशय आला. कातड्याची बारकाईने तपासणी करता दिसले ते असे: हा नमुना डेव्हिडसनचाच. लंडनच्या संग्रहालयातून तो चोरीस गेला होता, आणि उसवून, पुन्हा शिवून, नवी चिठ्ठी लावून तो वीस-तीस वर्षांनी तरुण करण्यात आला होता! रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी ही सारी लबाडी १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. तत्पूर्वीच, मांडवीची नोंद बाजूस सारून, रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट हे तिघे डेव्हिडसनच्या खऱ्या चिठ्ठ्यांचा माग काढीत शहाद्यास आले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका उघड्या फांदीवर, भर उन्हात, तो बसलेला त्यांना दिसला. तब्बल ११३ वर्षांनी. त्यांनी तेथेच त्याचे फोटो आणि चलच्चित्र घेतले. गोळी झाडावी लागली नाही. जी गोष्ट सिद्ध करावयास पूर्वी पक्षी मारावा लागे, ती चित्राने सिद्ध झाली. शहादे आमचा शेजारचा तालुका. पुढे मेळघाटात, यावलात, २०१४ मध्ये मुंबईजवळच्या तानशाच्या जंगलातही रानपिंगळा आढळला, हे वाचकांपैकी काहींना ठाऊक असेल.

आता माझी फजिती. तिसऱ्या वर्षीच्या पौषात नानांच्या निंबाच्या ढोलीत पिंगळ्याची एक जोडी राहावयास आली. सकाळी नऊ वाजता, उन्हात, उघड्या फांदीवर त्यांतला एक ऐटीत बसलेला मी पाहिला आणि माझे हात कापू लागले. दिवसा बसतो! उन्हात बसतो! नंदुरबार जिल्ह्यात बसतो! चाळीस चित्रे घेतली, आणि मुंबईच्या एका जाणत्या स्नेह्यास त्याच रात्री ती धाडून, शोध लागल्याची वार्ता जवळजवळ काव्यात कळविली. दुसऱ्या दिवशी त्यांचे उत्तर आले. “डोक्यावरचे पांढरे ठिपके मोजावे. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्याचे असते, छाती गडद तपकिरी, चोच जाडजूड, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. आपण पाठविलेला पक्षी माझ्या गच्चीवरही येतो.” साधा पिंगळा! ज्याच्या ओरडण्याला आमच्या आजी अपशकुन म्हणत, तोच. आठ दिवस मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. नानांना मी हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “मग काय झाले? आमचा पिंगळा आमच्याकडे आला.”

या प्रकरणाचा एक फायदा झाला. मी चिठ्ठ्या लिहू लागलो. प्रत्येक चित्रामागे दिवस, वेळ, जागा, वारा, आणि पक्षी काय करीत होता, एवढे टिपून ठेवू लागलो. कचेरीतील मित्रांना, पाहुण्यांना, जो सापडेल त्याला माइनर्ट्झहागेनची गोष्ट सांगून, खोट्या चिठ्ठीने विद्येचे किती नुकसान होते यावर मी व्याख्यानही देऊ लागलो. हे वाचकांनी कृपा करून लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम आहे.

एरवी, आपल्याकडे हा छंद मुळीच नवा नाही. मुंबईत छायाचित्रकारांची मंडळी १८५४ साली स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या पहिल्या सभासदांपैकी होते. पण त्या वेळच्या काचेला क्षणभर न हलणारा विषय लागे. देवळे, पूल आणि राजेरजवाडे तेवढे स्वस्थ बसत, पक्षी बसत नसत. हिंदुस्थानच्या जंगलात वाघाला त्याच्याच पायाने तार ओढावयास लावून रात्री त्याचे चित्र घेण्याची युक्ती चॅम्पियन या जंगलखात्यातील अधिकाऱ्याने यशस्वी केली, आणि १९२७ मध्ये त्यांचे त्यावरील पुस्तक निघाले. बंदूक खाली ठेवून कॅमेरा हाती घेणारांत ते अग्रणी. तेव्हापासून आम्ही मंडळी स्वतःला अहिंसक समजत आलो. शिकारी मारतो, आम्ही पाहतो. तो घेऊन जातो, आम्ही जेथल्या तेथे ठेवतो. मीही असेच समजत होतो.

फाल्गुनात नाल्याच्या कडेचा एकुलता एक पळस फुलतो. त्यावर मैना, भोरड्या, कोतवाल आणि शिंजीर यांची जी झुंबड उडते ती वर्णन करण्याचा मोह आवरतो, कारण उन्हाळा पुढे उभा आहे.

खानदेशचा उन्हाळा पुण्या-मुंबईच्या वाचकास शब्दांनी कळावयाचा नाही. पारा ४२ अंशांपलीकडे गेला तरी कोणी त्याची चर्चा करीत नाही. नऊ वाजले की जमिनीवरून हवा पाण्यासारखी थरथरू लागते, आणि लांब भिंगातून पाहिलेला प्रत्येक पदार्थ वितळलेला दिसतो. म्हणून दूरचे चित्र घ्यावयाचे तर ते साडेआठच्या आत, नाही तर जवळ जाऊन. माझ्या हातून जे घडले त्याचे मूळ या ‘जवळ जाऊन’मध्ये आहे.

चौथ्या वर्षीच्या वैशाखात, नाल्याकडेच्या त्या खडकाळ तुकड्यात, टिटवीने चार अंडी घातली. टिटवी घरटे बांधीत नाही. चार खडे इकडेतिकडे सारते की झाले. अंडीही खड्यांच्याच रंगाची. नानांनी ती जागा मला लांबून दाखविली. ट्रॅक्टर तिकडून वळविताना ते स्वतः खाली उतरून चालकाला वाट दाखवीत. टिटवीने अंडी उंचावर घातली तर पाऊस चांगला, सखल जागी घातली तर ओढ. आणि अंडी जितकी तितके महिने पावसाचे, असा इकडच्या शेतकऱ्यांचा ठोकताळा आहे. “चार आहेत, साहेब,” नाना म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होते.

मी वाचले होते की, कडक उन्हात टिटवी पाण्यात जाऊन पोटाची पिसे भिजवून येते आणि ती ओली पिसे अंड्यांवर धरून त्यांना थंड करते. उबविणे सर्वांनाच ठाऊक; हे निवविणे होते. याचे चांगले चित्र मी कोठे पाहिले नव्हते. दोन रविवार विहिरीच्या खोलीआडून प्रयत्न केला. हवेच्या थरथरीने सगळे पुसून टाकले. शिवाय अंड्यांपुढे वाऱ्याने आणून टाकलेल्या पऱ्हाटीच्या वाळक्या काड्यांचा एक झुबका होता. तो नेमका मध्ये येई.

तिसऱ्या रविवारी नाना शहरात गेले होते. मी जाऊन त्या काड्या काढल्या. सगळ्या नाही, पाच-सहा. पण ज्या आड येत होत्या त्या. मग दहा-बारा पावलांवर एका खाटेला पोते बांधून त्याच्याआड बसलो. वेळ सव्वादहाची. टिटव्या डोक्यावरून किंचाळत फिरू लागल्या. पंचतंत्रातली टिट्टिभाची गोष्ट आपण सर्वांनी शाळेत वाचली आहे. समुद्राने अंडी पळविली म्हणून तो लहानगा पक्षी समुद्र आटवावयास निघतो. त्या गोष्टीत आपण आपले मन नेहमी टिट्टिभाच्या बाजूस ठेवीत आलो. त्या सकाळी समुद्र मी होतो, हे मला उमजले नाही. मी घड्याळ पाहत होतो आणि प्रकाशाचा हिशेब करीत होतो.

चाळीस मिनिटांनी मादी उतरली. पोट भिजलेले. ती अंड्यांवर उभी राहिली, पिसे फुलविली, आणि एका पिसाच्या टोकाशी पाण्याचा थेंब लोंबत असताना मी कळ दाबली. ते चित्र माझ्या सहा वर्षांतले सर्वोत्तम आहे. थेंबात अंड्याचे प्रतिबिंब दिसते.

चाळीस मिनिटे ती चार अंडी उघड्या खडकावर त्या उन्हात पडली होती. दुसऱ्या दिवशी नानांचा फोन आला. दोन अंडी नव्हती. कावळ्याने नेली असावीत, आडोसाच राहिला नव्हता. उरलेल्या दोहोंवर टिटवी पंधरा-वीस दिवस बसून राहिली. ती अंडी फुटली नाहीत. मग तीही गेली. मी पुढल्या रविवारी गेलो तेव्हा नाना बांधावर बसले होते. ते रागावले असते तर बरे झाले असते. “साहेब,” ते म्हणाले, “काड्या कशाला काढल्या?” मी उत्तर दिले नाही. त्यांनीही पुन्हा विचारले नाही. चहा मात्र नेहमीप्रमाणे आला.

वन्यप्राण्यांच्या संरक्षणाचा जो कायदा आपल्या देशात १९७२ साली झाला, त्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या दिली आहे. आणि पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना व्यत्यय आणणे हेही तीत शिकारीतच धरले आहे. हे मी नंतर वाचले. वाचल्यावरही त्या चित्राचा मोह सुटला नाही, हे कबूल केले पाहिजे. एका छायाचित्रमंडळाची स्पर्धा होती. तिच्या अर्जात एक रकाना होता: चित्र नैसर्गिक स्थितीत, पक्ष्यास किंवा घरट्यास कोणताही उपद्रव न देता घेतले आहे काय? मी ‘होय’ असे लिहिले. खाली दिवस, वेळ, जागा, वारा, सगळे अचूक. दुसरे बक्षीस मिळाले. प्रशस्तिपत्र काचेत बसवून बैठकीत टांगले.

दिवाळीला पाहुणे आले होते. नेहमीप्रमाणे मी माइनर्ट्झहागेनची गोष्ट सांगत होतो. खोट्या चिठ्ठीपर्यंत आलो, आणि समोर, पाहुण्यांच्या डोक्यावर, ते प्रशस्तिपत्र. गोष्ट मी पुरी केली, पण कशी केली ते आठवत नाही. पाहुणे गेल्यावर सौ. म्हणाली, “आज तुमचे लक्ष नव्हते.” मग तिला सगळे सांगितले. ती थोडा वेळ बोलली नाही. “नानांना ठाऊक आहे, बक्षीस मिळाल्याचे?” तिने विचारले. नाना आमच्याच बैठकीत बसून ते पाहून गेले होते.

दुसऱ्या दिवशी मंडळास पत्र लिहिले. त्यांनी सभ्यपणे उत्तर देऊन माझे नाव यादीतून काढले. भिंतीवरच्या खिळ्याला आता दिनदर्शिका आहे. चित्र मी फाडले नाही. मागच्या चिठ्ठीवर जेवढे खरे होते तेवढे सगळे लिहून ठेवले आहे, काड्यांसह, चाळीस मिनिटांसह.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात टिटव्या आल्या नाहीत. नानांनी तो तुकडा तरीही तसाच ठेवला. यंदा वैशाखाच्या आरंभी त्यांचा फोन आला, “आलीय.” मी गेलो. विहिरीच्या खोलीच्या भिंतीला टेकून, सकाळी सात ते आठ, एवढा वेळ बसलो. चित्र घेतले: वर सातपुड्याची फिकट रेघ, खाली नांगरलेली काळी जमीन, मध्ये तो खडकाळ तुकडा, पऱ्हाटीचा वाळका ढीग, आणि त्या ढिगाशेजारी मोहरीएवढी टिटवी. मोठे करून छापले तरच ती दिसते. स्पर्धेला याचा काही उपयोग नाही.

नाना चहा घेऊन आले. त्यांनी कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत बराच वेळ डोळे बारीक करून पाहिले.

“अंडी किती आहेत?” त्यांनी विचारले.

“जवळ गेलो नाही, नाना.”

“मीही नाही गेलो,” ते म्हणाले. “मग यंदा पावसाचे कळायचे कसे?”